आंब्याच्या बागेसाठी गाडी: शून्यापासून कशी बांधायची

आमची हापूसची बाग सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळावर, आहे आणि घर, रस्ता सगळं खाली. मधली वाट दोन गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, जाते. सर्वांत अरुंद ठिकाणी ती साडेपाच फूट भरते, म्हणून पिकअप वर येत नाही. एप्रिल-मेमध्ये क्रेट डोक्यावरून उतरवावे लागायचे. या वाटेसाठी आणि या ओझ्यासाठी आम्ही एक गाडी बांधली. ती बांधताना जे शिकलो ते इथे क्रमानं लिहितोय. तुमचं काम वेगळं असेल, पण क्रम बदलत नाही.

गाडी बांधायची म्हटलं की लोक आधी नळ्या आणतात आणि वेल्डिंग मशीन लावतात. असं करू नका. चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सगळ्यात शेवटी ठरते. माणूस कुठे बसेल, ओझं कुठे राहील, चाकं कुठे असतील आणि इंजिन कुठे, या चार जागा पक्क्या झाल्या की त्यांना जोडणाऱ्या नळ्यांची वाट आपोआप दिसते. आम्ही सहा महिने नळी कापली नाही. पुढचं काम सरळ झालं ते त्यामुळेच.

आधी कायदा

अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत फेरफार करून ती उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात ते ठामपणे सांगितलं आहे. पूर्ण नवी गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२६ प्रमाणे नमुना गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. तो खर्च कंपनीला झेपतो, एकट्या माणसाला नाही. म्हणून आपली गाडी खाजगी जमिनीपुरती. दुसरीकडे न्यायची झाली तर टेम्पोवर चढवून न्या.

सुटे भाग काढण्यासाठी जुनी गाडी घ्याल तेव्हा तिची कागदपत्रं नीट बघा. गाडी कायमची मोडीत निघाली की कलम ५५ नुसार मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय पाना लावू नका. इंजिन नंबरसह विक्रीची पावतीही जपून ठेवा.

आणि कृपा करून ही गाडी पुळणीवर नेऊ नका. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वाळूखालचं घरटं चाकाखाली आलं तरी चालवणाऱ्याला कळत नाही.

गरज आकड्यांत लिहा

"दणकट गाडी हवी" ही काही गरज झाली नाही. आम्ही वहीच्या पहिल्या पानावर हे लिहिलं: १० क्रेट, प्रत्येकी २० किलो, म्हणजे ओझं २०० किलो. चालक ७५ किलो. गाडीचं स्वतःचं वजन ४५० पर्यंत. एकूण ७२५, हिशेबाला ७५० धरायचं. रुंदी १.४५ मीटरच्या आत, म्हणजे दोन्ही गडग्यांना चार-चार बोटं तरी जागा उरेल. उंची १.६ मीटर, कारण कलमांच्या फांद्या त्याच्या वर आहेत.

चढ डोळ्यांनी मोजू नका, फसाल. गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल ट्यूब घ्या. आमच्या वाटेचा सगळ्यात खडा तुकडा ४ मीटर आडवं गेल्यावर १ मीटर वर चढतो. आता गणित करता येतं. ७५० किलोचं वजन म्हणजे सुमारे ७३५० न्यूटन. ४ ला १ चढावर त्यातलं साधारण १८०० न्यूटन गाडीला मागे ओढतं. सुट्या तांबड्या मातीत चाक फिरवायला आणखी ६०० धरा. झाले २४००. चाकाची त्रिज्या पाव मीटर, म्हणजे चाकांवर ६०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागणार.

सुट्या भागांसाठी आम्ही घेतलेल्या जुन्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन जवळपास ६० न्यूटन-मीटर देतं. पहिला गिअर आणि डिफरन्शियल (चाकांकडे जोर पोचवणारा शेवटचा गिअर) मिळून ते साधारण १५ पट होतं, म्हणजे ९००. घर्षणात १५ टक्के गेले तरी ७६० च्या वर उरतं. पुरेसं आहे. मोठे टायर लावायचा मोह इथेच आवरायचा. त्रिज्या वाढली की तेवढाच टॉर्क जास्त लागतो, आणि क्लच जळतो तो असल्याच चुकीनं.

मांडणी: काय कुठे बसणार

मारुती ८०० मध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं फिरवणारे शाफ्ट हे सगळं पुढे, एका गठ्ठ्यात असतं. तो गठ्ठा तसाच उचलून मागे बसवता येतो. मग चढावर वजन मागच्या चाकांवर येतं आणि फिरणारी चाकंही तीच. चढणाऱ्या गाडीला यापेक्षा चांगली मांडणी नाही. मागे आलेल्या या चाकांना आता वळायचं नसतं, म्हणून त्यांच्या स्टिअरिंग आर्मला पक्के टाय रॉड (जोडदांडे) लावून ते फ्रेमला बांधायचे. त्यांच्या जोडाची जागा मूळ स्टिअरिंग रॅकच्या (चाकं वळवणाऱ्या दांड्याच्या) जोडाशी जुळली पाहिजे. नाहीतर खड्ड्यात चाक खाली-वर होताना आपोआप वळेल आणि गाडी मागून शेपूट हलवेल.

माझ्या पहिल्या चित्रात क्रेटचा हौदा इंजिनावर होता. दोन कारणांनी तो चुकीचा ठरला. इंजिनाची धग आंब्याला लागते हे एक. दुसरं कारण जिवाशी खेळणारं होतं. वहीत एक तक्ता करा: प्रत्येक वस्तूचं वजन, जमिनीपासून तिची उंची, दोन्हींचा गुणाकार. गुणाकारांची बेरीज भागिले एकूण वजन म्हणजे गुरुत्वमध्याची उंची. हौदा इंजिनावर असताना ती ८० सेंटिमीटर येत होती. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.२ मीटर, म्हणजे गाडी आडव्या उतारावर ३७ अंशांना कलंडणार. हौदा चालक आणि इंजिनाच्या मधे, जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर आणला तेव्हा ती उंची ६० वर आली आणि कलंडण्याचा कोन ४५. हे आकडे उभ्या गाडीचे. चालत्या गाडीत, खड्ड्यात चाक पडल्यावर, यातला निम्माच कोन आपला समजायचा. म्हणून आठ अंश कमावले हे फार मोठं काम होतं.

हौदा मधे आल्यानं मूळ २१७५ मिलिमीटरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० झाला. बागेतली कलमं १० मीटरवर लावलेली आहेत, गाडी आरामात वळते.

जुनी गाडी खोलण्याआधी मोजा

हा टप्पा लोक सोडून देतात आणि मग दोन महिने रडतात. गाडी सपाट कोब्यावर उभी करा, चारही टायरमध्ये सारखी हवा भरा. मग ओळंबा घ्या. स्ट्रटचा (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या उभ्या दांड्याचा) वरचा बोल्ट, खालच्या आर्मचे दोन्ही जोड, बॉल जॉइंट, रॅकची दोन्ही टोकं, इंजिनाचे माउंटिंग: प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूनं फुली मारायची आणि दोऱ्याची लांबी, म्हणजे उंची, वहीत लिहायची. खडूच्या फुल्यांवर मग कागद पसरून त्या उतरवून घ्या. शेजारचे गवंडीकाका माझं हे काम बघत उभे होते. ते म्हणाले, "घराचा पाया आखतोयस तसाच आखतोयस, फक्त कर्ण मोज." त्यांचं बरोबर होतं. दोन्ही कर्ण जुळले तरच डावं-उजवं सारखं.

कंपनीनं लाखो गाड्यांवर तपासलेली भूमिती तुम्हाला या फुल्यांमधून फुकट मिळते. कॅस्टर, कॅम्बर (चाकाच्या आणि त्याच्या वळण्याच्या आसाच्या कलाचे कोन), स्टिअरिंगचे कोन यात सगळं आलं. ती जशीच्या तशी नव्या फ्रेममध्ये उतरवा. पहिल्याच गाडीत सस्पेन्शन स्वतः शोधून काढायला जाऊ नका.

पुढच्या चाकांसाठीही आम्ही दुसऱ्या मोडीतल्या ८०० चे पुढचेच हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं ते भाग, वापरले. इथे एक फसगत असते. या हबमधलं बेअरिंग ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या तुकड्यानं दाबून धरलेलं असतं. पुढे शाफ्ट नको म्हणून तो तुकडा काढून टाकला तर बेअरिंग सैल होतं आणि चालत्या गाडीचं चाक निखळू शकतं. शाफ्ट कापा, पण हबमधला स्टब आणि त्याचा नट जाग्यावर ठेवा, नट सांगितलेल्या टॉर्कला आवळा.

पुढच्या स्प्रिंगही बदलाव्या लागतात, कारण आता पुढे इंजिन नाही. एका चाकावर ७५ किलो येत असतील आणि गाडी सेकंदाला दीड वेळा हेलकावेल इतकी मऊ हवी असेल, तर स्प्रिंग दर मिलिमीटरला साधारण ६.७ न्यूटनची लागते. मूळ स्प्रिंग ठेवली तर पुढचं चाक जांभ्यावर उड्या मारत जातं आणि स्टिअरिंग हलकं पडतं.

पुठ्ठ्याची गाडी

वायरिंगचे पीव्हीसी पाइप, सुतळी आणि आंब्याच्या पेट्यांचा पुठ्ठा. एवढ्यात खऱ्या मापाची पूर्ण गाडी उभी राहते. पाय कापलेली प्लास्टिकची खुर्ची ही सीट. घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात ठेंगण्या माणसाला आळीपाळीनं बसवा. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. डोक्यावर वितभर मोकळी जागा हवी; विद्यार्थी स्वतः गाडी बांधतात त्या बाहा स्पर्धेच्या नियमातही डोक्याभोवती १५२ मिलिमीटर, म्हणजे ६ इंच जागा मागतात. बसलेल्या माणसाला म्हणावं, "गाडी पेटली, उतर!" तो पाच सेकंदांत बाहेर आला नाही तर नळ्यांची जागा बदला. माझे वडील दोनदा अडकले. म्हणून बाजूची आडवी नळी आम्ही खाली घेतली.

फ्रेम आणि पिंजरा

आता नळ्या. कौलारू घराची कैची आठवा. तीन लाकडांचा त्रिकोण वजनानं आकार बदलत नाही, चौकोन मात्र कलतो. फ्रेममध्ये जिथे चौकोन दिसेल तिथे कर्णाची नळी टाका. जिथे स्प्रिंग, इंजिन किंवा सीट बेल्टचा जोर येतो तो बिंदू नळीच्या मधोमध कधीच नको, दोन-तीन नळ्या मिळतात त्या सांध्यावरच हवा.

गाडी उलटली तर माणसाला वाचवणाऱ्या, डोक्यावरच्या नळ्यांच्या पिंजऱ्याला फर्निचरची पाइप चालणार नाही. आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटना एफआयएच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिलिमीटर व्यासाची २.५ जाडीची किंवा ५० व्यासाची २ जाडीची नळी लागते, बाकीच्या नळ्या ३८ ला २.५ किंवा ४० ला २. नळी कोल्ड-ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलची. वाकवताना वळणाची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट तरी हवी आणि आतल्या बाजूला सुरकुती पडली तर तो तुकडा बाद. बागेच्या वेगाला हे जास्त वाटेल. पण आमच्या वाटेला एका बाजूला दहा फुटांची घळ आहे. मी हेच माप वापरलं आणि चार टोकी सीट बेल्टही लावला. बेल्टशिवाय पिंजरा असला तर उलटताना डोकं त्याच नळ्यांवर आपटतं.

दोन गोल नळ्या जोडताना टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच घ्यावी लागते. कागदाची पट्टी नळीला गुंडाळून खूण करा, ग्राइंडरनं कापा, कानशीनं बसवा. फट एक मिलिमीटरच्या आत येईपर्यंत घासायचं. फट वेल्डनं भरू असं म्हणणाऱ्या माणसाला पिंजऱ्याजवळ येऊ देऊ नका.

आधी पूर्ण फ्रेम वेल्डच्या नुसत्या बारीक टाक्यांवर उभी करा. गुण्या लावा, ओळंबा सोडा, कर्ण मोजा, इंजिन आणि चाकं एकदा बसवून बघा. मग पक्कं वेल्डिंग, तेही एका जागी सलग नाही. पुढे डावीकडे एक सांधा, मग मागे उजवीकडे एक. एका बाजूनं तापवत गेलात तर फ्रेम केळ्यासारखी वाकते.

आमच्याकडे सीओटू वेल्डिंगचा (गॅसच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगचा) मोठा शत्रू म्हणजे दुपारचा खारा वारा. ताशी ८-१० किलोमीटरचा वारा वेल्डवरचा गॅस उडवून लावतो. वरून वेल्ड ठीक दिसतो, आत मात्र पिनहोल पडतात. सकाळी वारा पडलेला असताना वेल्डिंग करा, दुपारी घासकाम. वायरचं रीळ मशीनवर ठेवून घरी जाऊ नका. रात्रभरात त्यावर तांबूस झाक येते आणि दुसऱ्या दिवशी वायर अडकत चालते. झाकणाच्या डब्यात, आत एक छोटा बल्ब पेटता ठेवून, रीळ चांगलं राहतं.

ब्रेक, आणि मी केलेली चूक

मारुती ८०० ला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर. आम्ही पुढचा गठ्ठा मागे नेला आणि पुढेही दुसऱ्या गाडीचे पुढचे हब लावले. चारही चाकांना डिस्क आल्या म्हणून मी खूश होतो. हँडब्रेक गाडीतून नाहीसा झाला, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ध्यानात आलं तेव्हा मी ब्रेकच्या नळीत दाब कोंडून ठेवणारी एक चावी बसवली. पॅडल दाबायचं, चावी फिरवायची, चाकं जाम. पहिल्या आठवड्यात सहा भरलेले क्रेट घेऊन मी गाडी चढावर उभी केली आणि कलमाखालचे आंबे गोळा करायला गेलो. वीसेक मिनिटांनी मागे खडी करकरल्याचा आवाज आला. वळून बघतो तर गाडी सावकाश मागे निघाली होती. तेलाचा दाब थेंबाथेंबानं उतरला होता. ती गडग्यावर आपटून थांबली. जांभ्याचे चार चिरे पडले, क्रेट सांडले, मागचा टाय रॉड वाकला. खाली माझा पुतण्या सुकलेली पानं गोळा करत होता, तो गडग्याच्या पलीकडे होता म्हणून वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेलाच्या दाबावर गाडी उभी करून ठेवू नका. हँडब्रेक तारेवर किंवा दांड्यावर चालणाराच हवा. मागच्या डिस्कवर तारेनं चालणारे वेगळे कॅलिपर (डिस्क दाबून धरणारे चिमटे) आम्ही नंतर बसवले. पूर्ण भरलेली गाडी ४ ला १ चढावर, तोंड वर आणि तोंड खाली, दोन्हीकडे अर्धा तास धरून ठेवतो की नाही ते तपासलं. तरीही चाकाला लाकडी उटी लावल्याशिवाय आता कुणी गाडीपासून हलत नाही.

पायाच्या ब्रेकला दोन वेगळे सर्किट असलेलाच मास्टर सिलिंडर घ्या, एक फुटला तरी दुसरा राहतो. कोरड्या मातीवर जोरात ब्रेक मारून बघा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित आधी जाम झाली पाहिजेत. उलट झालं तर गाडी उतारावर गर्रकन फिरेल.

अंगावरचं फायबर

१९६४ मध्ये कॅलिफोर्नियात ब्रूस मेयर्सनं फोक्सवॅगन बीटलच्या यंत्रावर फायबरचं अंग चढवून मँक्स बग्गी केली. तो मुळात फायबरच्या होड्या बांधणारा माणूस होता. आपल्या किनाऱ्यावर तर फायबरच्या होड्यांचं काम जाणणारे कारागीर बंदराबंदराला आहेत. बॉनेट आणि हौद्याच्या बाजू त्यांच्याकडूनच करून घ्या. पत्र्याला इथे चार पावसाळ्यांत भोकं पडतात, फायबर गंजत नाही.

स्वतः करणार असाल तर साच्यावर मेण नीट घासा, आधी जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), मग काचतंतूंच्या मॅटचे थर. रेझिनमध्ये कोबाल्ट (ते लवकर घट्ट व्हायला मदत करणारं रसायन) आधी पूर्ण ढवळायचं आणि त्यानंतरच हार्डनर घालायचा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवा.

गंज

कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने हवेत मीठ असतं. नळी बाहेरून गंजते ते दिसतं, आतून गंजते ते दिसत नाही. म्हणून प्रत्येक नळीचं टोक वेल्डनं पूर्ण बंद करा. एखादी उघडी ठेवावीच लागली तर सगळ्यात खालच्या जागी भोक पाडा आणि आत पातळ मेणाचं तेल फिरवा.

रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्या. नुसता रेड ऑक्साइड पुरत नाही. सँडब्लास्ट, त्याच दिवशी झिंकचा इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन. घासलेलं लोखंड इथे रात्रभर उघडं राहिलं तर सकाळी त्यावर पिवळी साय दिसते, मग पुन्हा घासणं आलं. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमला लावताना मधे नायलॉनचे वॉशर घाला. वायरिंगमध्ये बॅटरीजवळच मुख्य फ्यूज हवा, आणि अर्थिंगचा बोल्ट रंगाखालच्या उघड्या लोखंडावर आवळून वर ग्रीस लावा. गाडी अचानक बंद पडली की आधी हाच बोल्ट बघा.

चाचणी

पहिला दिवस सपाट अंगणात, क्रेटशिवाय. दुसऱ्या दिवशी क्रेटमध्ये आंब्याऐवजी जांभ्याचे तुकडे भरा, आधी निम्मे, मग पूर्ण. प्रत्येक फेरीनंतर चाकांचे नट, बॉल जॉइंट, टाय रॉड आणि इंजिन माउंटिंग पाना लावून तपासा. आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची आडवी रेघ ओढून ठेवली की सैल झालेला नट लांबूनच दिसतो. वेल्डच्या कडेला रंगाला केसासारखी चीर दिसली तर गाडी तिथेच थांबवा, रंग खरवडा आणि खाली लोखंड बघा. आमच्या गाडीत अशी एक चीर तिसऱ्या आठवड्यात दिसली, मागच्या स्ट्रटच्या माथ्याशी. तिथे त्रिकोणी पट्टी टाकली.

पावसाळ्याआधी गाडी ठोकळ्यांवर चढवतो, गोड्या पाण्यानं खालून धुतो, दोन दिवस उन्हात ठेवतो आणि हँडब्रेकची तार तेलात भिजवून सैल सोडतो. गेल्या मृगाला ती तार काढली तेव्हा आतल्या सातपैकी दोन काड्या तुटलेल्या होत्या. बाहेरचं कव्हर अगदी नवं दिसत होतं. आता तार दरवर्षी बदलतो.